वाचता-लिहिताना अडणाऱ्या मुलासाठी साधन कसं निवडायचं

कुठलंही ॲप डाउनलोड करण्याआधी एक काम करा. मुलाच्याच इयत्तेच्या पुस्तकांतून साधारण सारख्याच अवघड वाटणारे दोन उतारे काढा. पहिला त्याला स्वतःला वाचू द्या, दुसरा तुम्ही वाचून दाखवा. मग दोन्हींवर चार-पाच प्रश्न तोंडी विचारा, लिहायला लावू नका. मी विशेष शिक्षिका आहे आणि नव्या मुलाबरोबरची माझी पहिली बैठक जवळजवळ अशीच असते.

सातवीतल्या एका मुलीने ज्वालामुखीवरचा उतारा वाचायला घेतला. 'उद्रेक' या शब्दाशी ती थांबली, त्यावर बोट ठेवलं, 'उ... द... रे...' करत तो कसाबसा फोडला आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरून गेली. 'लाव्हा कुठून येतो?' या प्रश्नावर तिने नुसते खांदे उडवले. मग भूकंपावरचा उतारा मी वाचून दाखवला. सगळी उत्तरं तिने दिलीच, वर मलाच विचारलं, "मग समुद्राच्या तळाशी भूकंप झाला तर वरच्या पाण्याचं काय होतं?" समज उत्तम होती, पण सगळी ताकद अक्षरं सोडवण्यातच संपत होती. अशा मुलांना मजकूर वाचून दाखवणारं साधन खरोखर उपयोगी पडतं.

ऐकूनही अर्थ लागत नसेल तर अडचण शब्दसंपत्तीची, लक्ष टिकण्याची किंवा अगदी कानांचीही असू शकते. तिथे तज्ज्ञांकडून तपासणी आधी करून घ्या, साधनांचं नंतर बघू. तोंडी उत्तर झकास आणि वहीत मात्र दीड ओळ, असं असेल तर लेखनाकडे वळा. सहायक साधनांच्या तज्ज्ञ जॉय झबाला यांनी मांडलेली 'सेट' नावाची चौकट आमच्या क्षेत्रात सगळीकडे वापरली जाते. तिचा क्रमही हाच आहे: आधी विद्यार्थी, मग त्याचा परिसर, मग त्याला करायचं असलेलं काम आणि सगळ्यात शेवटी साधन. दुकानातून किंवा ॲपच्या यादीतून सुरुवात केली की हा क्रम उलटा होतो आणि महागडी वस्तू कपाटात पडून राहते.

वाचून दाखवणारं साधन

बहुतेकदा ते तुमच्या हातातच असतं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली 'सिलेक्ट टू स्पीक' मिळेल, आयफोन-आयपॅडवर 'स्पीक स्क्रीन'. 'स्पीक स्क्रीन' सुरू केलं की दोन बोटं पडद्याच्या वरून खाली ओढायची, फोन वाचू लागतो. संगणकावर मला मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर आवडतो. त्याच्या 'रीड अलाउड'मध्ये आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, बोललेला शब्द पडद्यावर ठळकही होतो. त्यातल्याच 'इमर्सिव्ह रीडर'मध्ये एका वेळी एक, तीन किंवा पाच ओळीच उजळ ठेवता येतात. ओळ सुटणाऱ्या मुलांना याचा फार आधार वाटतो.

वेग सुरुवातीला थोडा कमी ठेवा, मूल सरावलं की हळूहळू वाढवा. आवाज मुलालाच निवडू द्या. आणि ऐकताना नजर मजकुरावर हवी, हा आग्रह सोडू नका. शब्द दिसतो आणि त्याच क्षणी ऐकूही येतो, यात बराचसा फायदा आहे.

आता मराठी मजकुराची एक खास अडचण. शाळेकडून आलेली पीडीएफ उघडली, वाचायला लावली आणि फोन भलतंच काही बडबडू लागला, असा अनुभव पुष्कळ पालकांना येतो. त्यांना वाटतं, साधनच कुचकामी आहे. बऱ्याचदा कारण फाँटमध्ये असतं. ती फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली असते. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात आणि फोन तीच वाचतो. पडताळणी सोपी आहे. एक ओळ कॉपी करून मेसेजच्या खिडकीत पेस्ट करा. तिथे रोमन अक्षरांचा चिवडा उमटला तर समजा की ही फाइल चित्रासारखीच वापरावी लागणार. पानाचा स्क्रीनशॉट काढून तो गूगल ड्राइव्हवर चढवा आणि 'गूगल डॉक्समध्ये उघडा' हा पर्याय घ्या. चित्रातली अक्षरं ओळखून खरा मजकूर तयार होतो. छापील पानासाठी गूगल लेन्सने फोटोतला मजकूर उचलता येतो. पान सपाट ठेवा, सावली पडू देऊ नका आणि दोन रकाने असतील तर एकेकाचा वेगळा फोटो काढा. मुलाला देण्याआधी मजकुरावरून एकदा नजर फिरवा. रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं इथेच बिघडतात, आणि आधीच अक्षरांशी झगडणाऱ्या मुलासमोर चुकीचा शब्द ठेवणं बरोबर नाही.

"ऐकायची सवय लागली तर तो वाचायचंच सोडून देईल ना?" ही काळजी मला रास्त वाटते, म्हणून नीट उत्तर देते. वाचनात अडचण असलेल्या मुलांवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. मजकूर वाचून दाखवल्याने या मुलांचं आकलन सुधारतं, असं त्यात दिसलं. परिणाम माफक होता, पण होता. अक्षरओळख आणि शब्द फोडणं मात्र असं साधन शिकवत नाही. म्हणून मी दिवसाचे दोन वेगळे भाग करते. वाचनाच्या सरावाची ठरावीक वेळ, त्यात साधन बंद. इतिहास, विज्ञान, गोष्टीची पुस्तकं यांसाठी साधन सुरू. सराव चालू आहे म्हणून त्या मुलीने भूकंपाबद्दल वाचायला दोन वर्षं थांबावं, हे मला पटत नाही.

'डिस्लेक्सियासाठी', म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यातल्या अडचणीसाठी, 'खास' म्हणून मिळणारे फाँट आणि रंगीत पारदर्शक पट्ट्या यांच्यावर पैसे घालवू नका, त्यांच्या बाजूचा पुरावा कमकुवत आहे. अक्षरांमधलं अंतर वाढवल्याचा फायदा मात्र २०१२ च्या एका अभ्यासात इटालियन आणि फ्रेंच मुलांमध्ये दिसला होता. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार असतात, त्यामुळे मी ओळींमधली जागाही मोकळी ठेवते, साधारण दीडपट. ते फुकटात होतं.

बोलून लिहिणं

गूगल डॉक्समधलं 'व्हॉइस टायपिंग' आणि फोनवरच्या जीबोर्डचा, म्हणजे गूगलच्या कीबोर्डचा, माइक, दोन्हींना मराठी कळतं. पण माइक हातात देऊन "आता निबंध सांग" म्हटलं तर मूल गप्प बसतं. लिहिणं म्हणजे एकाच वेळी विचार करणं, वाक्य जुळवणं, शुद्धलेखन सांभाळणं आणि हात चालवणं. माइकने फक्त शेवटची दोन ओझी उतरतात, म्हणून पहिल्या दोन कामांसाठी वेगळा वेळ द्यावा लागतो. आधी मुद्द्यांची तीन-चार चित्रं किंवा एकेक शब्द कागदावर काढायचे. मग एक वाक्य मनात पूर्ण करायचं, मोठ्याने म्हणायचं आणि त्यानंतरच माइक दाबायचा. एक वाक्य, थांबा, मग पुढचं. विरामचिन्हं बहुतेकदा हातानेच घालावी लागतात. शेवटी तोच मजकूर फोनकडून वाचून घ्यायचा. स्वतःच्या डोळ्यांना न दिसलेली चूक मुलाच्या कानाला लगेच खटकते, आणि ती दुरुस्त करताना "हे मी लिहिलंय" हा जो भाव चेहऱ्यावर येतो, त्यासाठी मी हे काम करते.

गोंगाटाच्या वर्गात किंवा उच्चार अस्पष्ट असतील तर हा मार्ग चालत नाही. तिथे पुढचा शब्द सुचवणारा कीबोर्ड बरा, पण त्याचा रोज थोडा सराव लागतो.

गणिताबद्दल थोडक्यात. पाठाचा हेतू बेरीज शिकण्याचा असेल तर कॅल्क्युलेटर नको. हेतू क्षेत्रफळ समजण्याचा असेल तर जरूर द्या. अंक एकाखाली एक येत नसतील तर चौकटींची वही हेही साधनच आहे आणि ते चार्ज करावं लागत नाही.

वर्गात नेताना

एका वेळी एकच साधन, एकाच विषयासाठी, तीन-चार आठवडे. रोज दोन ओळींची नोंद ठेवा: काम कुठलं, किती वेळ लागला, किती उत्तरं आली, मूल किती दमलं. आठवड्यातून एकदा तेच काम साधनाविना करून बघा. फरक दिसत नसेल तर साधन बदला, मुलाला दोष देऊ नका. मुलाला स्वतःला ते आवडत नसेल तर कारण विचारा. पुष्कळदा त्याला वर्गात वेगळं दिसायचं नसतं. मग एका कानात इअरफोन, शेवटच्या बाकाऐवजी भिंतीकडची जागा असे मार्ग त्याच्याशी बोलूनच काढा.

परीक्षेत साधन हवं असेल तर शाळेला वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी विनंती द्या आणि वर्षभराच्या चाचण्यांतही तेच वापरू द्या. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा हातात आलेलं साधन मदत कमी करतं, घाबरवतं जास्त. मराठी आवाज फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा आणि इंटरनेट बंद करून एकदा पूर्ण पान वाचून घ्या, कारण काही आवाज फक्त नेट असतानाच चालतात.