प्रशिक्षणाच्या व्हिडिओसाठी स्वतःचा स्क्रब बार बनवताना

स्क्रब बार म्हणजे ओढून व्हिडिओत मागेपुढे जाण्याची पट्टी. ती बनवताना सुरुवात व्हिडिओ फाइलपासून करा, कोड नंतर. एखाद्या क्षणावर जायचं तर ब्राउझरला त्याच्या मागची कीफ्रेम (संपूर्ण चित्र साठवलेली फ्रेम) गाठून तिथून पुढची प्रत्येक फ्रेम उलगडावी लागते. एक्स२६४ एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) मूळ सेटिंगमध्ये दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर ठेवतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर ते १० सेकंद होतं. अशा फाइलवर बार कितीही नीट लिहा, चित्र अडखळतच सरकणार. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या साधनाचा ‘जी’ पर्याय (दोन कीफ्रेममधलं कमाल अंतर) १२ ते २५ च्या दरम्यान ठेवून फाइल पुन्हा एन्कोड करा. फाइल फुगते, पण पुर्जा कसा बसतो हे मागेपुढे करून पाहणाऱ्यासाठी तेवढी किंमत मोजावीच. सर्व्हर बाइट-रेंज मागणीला (फाइलचा ठराविक तुकडा मागण्याला) २०६, म्हणजे ‘तेवढाच तुकडा’, असं उत्तर देतो ना, हेही आधीच तपासा. २००, म्हणजे अख्खी फाइल, येत असेल तर क्रोममध्ये बार ओढल्यावर व्हिडिओ शून्यावर परत जाऊ शकतो, आणि चूक कोडमध्ये शोधण्यात दिवस जातो.

बारसाठी डिव्हवर डिव्ह रचू नका. रेंज प्रकारचा इनपुट घ्या. कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरचं निम्मं काम तो स्वतःच करतो. कमाल मूल्य म्हणून व्हिडिओचा ड्युरेशन द्यायचा, पण लोडेडमेटाडेटा इव्हेंट आल्यावरच. त्याआधी तो एनएएन, म्हणजे ‘आकडा नाही’, असतो. स्टेप मुळात १ असते, म्हणून बारवरचा ओढायचा गोळा सेकंदा-सेकंदाने उड्या मारतो. ती ०.०१ करा. मात्र मग बाणाची कळही ०.०१ सेकंदच सरकवते, जे निरुपयोगी आहे. म्हणून बाणाच्या कळा स्वतः पकडून ५ सेकंदांची उडी द्या. एरिया-व्हॅल्यूटेक्स्टमध्ये (स्क्रीन रीडर जे वाचतो त्या गुणधर्मात) ‘२ मिनिटे १५ सेकंद’ असा मजकूर लिहीत राहा, नाहीतर स्क्रीन रीडर नुसता १३५ वाचतो.

आता गोळ्याची ओढाताण. चालू व्हिडिओ त्याला पुढे ढकलतो, बोट मागे ओढतं आणि गोळा थरथरतो. पॉइंटरडाउनला ‘ओढणं सुरू’ असा फ्लॅग लावा आणि तो असेपर्यंत व्हिडिओकडून बारवर काहीच लिहू नका. फ्लॅग पॉइंटरअप आणि पॉइंटरकॅन्सल या दोन्हींवर काढा. नुसत्या चेंज इव्हेंटवर विसंबलात तर मूल्य न बदलता बोट उचललं की फ्लॅग अडकून राहतो. स्पर्शपडद्यासाठी टच-अ‍ॅक्शन ‘नन’ ठेवा, म्हणजे ओढताना पान सरकणार नाही. ओढणं सुरू नसताना बार हलवायला टाइमअपडेट (व्हिडिओचा वेळ पुढे गेल्याचा इव्हेंट) पुरत नाही. बऱ्याचदा तो सेकंदाला चारच वेळा येतो. रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम (पडदा दर वेळी रंगवण्याआधी आपलं फंक्शन चालवणारी सोय) वापरा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते सीकमध्ये, म्हणजे व्हिडिओला नव्या क्षणावर नेण्यात. ओढताना इनपुट इव्हेंट सेकंदाला डझनावारी येतात आणि प्रत्येकावर करंटटाइम (व्हिडिओचा चालू क्षण) बदलला तर आधीचा सीक पुरा होण्याआधीच नवा सुरू होतो. चित्र गोठतं आणि बोट थांबल्यावरच हलतं. उपाय असा: एका वेळी एकच सीक. नवं स्थान आलं आणि व्हिडिओ अजून सीक करत असेल, तर ते एका चलात (व्हेरिएबलमध्ये) लिहून ठेवा. आधीचं स्थान पुसलं गेलं तरी चालेल, आपल्याला शेवटचंच हवं. सीक्ड इव्हेंट आला की चलात काही आहे का ते पाहा, असेल तर तिथे जा आणि चल रिकामं करा. रांग लावू नका, ती बोटाच्या मागे पडत जाते.

फ्रेम-फ्रेमने पुढे जाण्याची सोय द्यायची असेल तर फ्रेमच्या सुरुवातीच्या क्षणावर जाऊ नका. दशांशांच्या गोलाईत कधी मागचीच फ्रेम दिसते. फ्रेमच्या मध्यावर जा: क्रमांक शून्यापासून मोजून त्यात ०.५ मिळवा आणि सेकंदाला असलेल्या फ्रेमसंख्येने भागा. हे फक्त स्थिर फ्रेमदराच्या फाइलवर चालतं.

न पाहिलेल्या भागावर उडी मारू द्यायची नसेल, तर ‘कुठवर पाहिलं’ हे चल ठेवा. ते टाइमअपडेटवर वाढवायचं, पण दोन अटींवर: व्हिडिओ सीक करत नाही, आणि नवा वेळ त्या चलाच्या जेमतेम एक सेकंद पुढे आहे. वेग दुप्पट करण्याची सोय असेल तर ही मर्यादाही दुप्पट करा. अटी विसरलात तर एका उडीत अख्खा धडा ‘पाहिलेला’ होतो. कुलूप बारवर लावून भागत नाही, कारण मीडिया कळा आणि पिक्चर-इन-पिक्चर बारला वळसा घालतात. सीकिंग इव्हेंटमध्येच मर्यादा तपासा आणि पलीकडे गेल्यास करंटटाइम मागे आणा. मागे जाणं मात्र कधीही अडवू नका; न कळलेलं पुन्हा पाहण्यासाठीच तर बार आहे.

स्कॉर्म १.२ मध्ये (ऑनलाइन धड्यांची प्रगती नोंदवण्याच्या मानकात) हे ‘कुठवर पाहिलं’ चल लेसन_लोकेशन या जागेत साठवता येतं. तिथे २५५ अक्षरांचीच जागा असते, तेव्हा सेकंदांचा आकडा तेवढा लिहा, आणि व्हिडिओ पॉज झाल्यावर तो लगेच कमिट करा, म्हणजे सर्व्हरवर नोंदवा. पान बंद होताना पाठवलेली नोंद बऱ्याचदा पोहोचत नाही.