जोडीदाराला ब्रेन ट्यूमर असेल तर घरी काय करायचं

ग्लिओब्लास्टोमाचं, म्हणजे चौथ्या श्रेणीच्या ट्यूमरचं निदान झालं की उपचार बहुधा ठरलेल्या वाटेनं जातात. आधी ऑपरेशन. मग सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन आणि त्याच्या जोडीला रोज टेमोझोलोमाइड, म्हणजे केमोची कॅप्सूल. नंतर साधारण चार आठवडे विश्रांती, आणि पुढे दर 28 दिवसांतले पाच दिवस तीच कॅप्सूल जास्त मात्रेत. हॉस्पिटलचा भाग डॉक्टर सांभाळतात, पण जोडीदाराचं चालणं-बोलणं बदललं की ते सगळ्यात आधी घरातल्या माणसाला दिसतं. म्हणून पहिल्याच दिवशी एक साधी वही सुरू करा: गोळ्यांच्या वेळा, मेंदूची सूज दाबणाऱ्या स्टेरॉइडची (डेक्सामेथासोन, थोडक्यात डेक्सा) मात्रा, झोप, डोकं कधी दुखलं, चाल, बोलणं, चिडचिड. ओपीडीत मिळणाऱ्या थोड्या वेळात 'गुरुवारपासून डावा पाय ओढतायत, मंगळवारी डेक्सा आठवरून चार मिलिग्रॅम केलं होतं' एवढं एक वाक्य फार कामाला येतं.

ही वही नात्यासाठीही लागते. शांत माणूस ताट भिरकावतो, किंवा सतत धडपडणारी बाई दिवसभर भिंतीकडे बघत बसते, तेव्हा मन दुखावतंच. पण अशा वागण्यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात. डेक्सामेथासोननं भूक, अस्वस्थता आणि निद्रानाश वाढतो. फिटसाठीच्या लेव्हेटिरासिटॅमनं काहींना टोकाचा राग येतो, काहींना उदासी घेरते. आणि कपाळामागच्या भागातल्या ट्यूमरमुळे स्वतःहून काही सुरू करण्याची ऊर्मीच जाते. तो आळस नसतो. मात्रा बदलल्यावर दोन-चार दिवसांत वागणं बदललं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. फिटचं औषध बदलून देता येतं. ते स्वतःहून कधीही बंद करू नका, बारा तासांची वेळही चुकवू नका.

डेक्साची गोळी खाऊन, सकाळी. दोनदा असेल तर दुसरी दुपारी दोनच्या आत देता येईल का ते विचारून घ्या, नाहीतर रात्र जागून निघते. सोबत पोटासाठीची गोळी लागते. मधुमेह नसला तरी साखर तपासा. तोंडात पांढरा थर दिसला तर ती बुरशी असते, औषधानं जाते. काही आठवड्यांनी मांड्यांतला जोर कमी होतो आणि भारतीय पद्धतीच्या संडासातून उठता येत नाही, म्हणून कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा. ही गोळी एकदम थांबवणं धोक्याचं आहे. मेंदूची सूज उसळते, शिवाय शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं. पहाटे वाढणारी डोकेदुखी, उलटी, वाढती गुंगी दिसली तर त्याच दिवशी फोन करा.

टेमोझोलोमाइड रिकाम्या पोटी, रोज एकाच वेळी. झोपण्याआधी दिलेलं बऱ्याच जणांना सोसतं: जेवणानंतर दोन-तीन तासांनी उलटीची गोळी, तिच्यानंतर अर्ध्या-एक तासानं कॅप्सूल, भरपूर पाण्यासोबत अख्खी. चावायची नाही, फोडायची नाही. फुटलीच तर भुकटीला उघड्या हातानं शिवू नका. उलटी झाली तरी त्या दिवशी दुसरी देऊ नका. उलटीच्या गोळीनं बद्धकोष्ठ होतो, तेव्हा इसबगोल किंवा सौम्य रेचकाबद्दल पहिल्याच आठवड्यात विचारा. सीबीसी या रक्ततपासणीच्या तारखा चुकवू नका. 100.4 फॅरनहाइट ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही, रात्रीच फोन करायचा. स्टेरॉइडमुळे ताप दबूनही राहतो, म्हणून थंडी वाजून अंग गळालं तरी तेच करा.

फिट आली की आधी घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली उशी सरकवा, चष्मा काढा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा आणि चप्पल हुंगवण्यानं फिट थांबत नाही, वेळ जातो. पाच मिनिटं उलटली किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली तर 108 लावा. फिट थांबवणाऱ्या मिडाझोलॅमचा नाकातला स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घेता येतो. किती फवारे ते बाटलीवरच लिहून ठेवा, कारण त्या क्षणी आठवत नाही. बाथरूमला आतून कडी नको. दुचाकी बंद, लोकलच्या दारात उभं राहणंही बंद.

उजव्या बाजूच्या ट्यूमरमध्ये डावी बाजू मनातून पुसली जाऊ शकते. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते आणि तुम्हाला वाटतं, आवडली नाही. ताट फिरवा, लगेच खातील. डावीकडे ट्यूमर असेल तर शब्द सापडत नाहीत. एका वेळी एकच प्रश्न, 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा, टीव्ही बंद करून. वाक्य त्यांच्या तोंडून ओढून पूर्ण करू नका, थांबा.

कपडे चढवताना अशक्त हात आधी बाहीत घाला, काढताना शेवटी. चालवताना अशक्त बाजूला, किंचित मागे राहून कमरेच्या पट्ट्याला धरा. दंडाला धरून ओढलं तर खांदा निखळू शकतो. एकाच पोटरीला सूज, दुखरेपणा किंवा अचानक दम लागला तर रक्ताची गाठ असू शकते, आणि या आजारात ती वारंवार होते. मालिश अजिबात नको, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि जवळीक. बाहेरून दिलेल्या रेडिएशनचा शरीरात काही अंश उरत नाही. मिठी मारा, एका अंथरुणात झोपा, नातवंडांना मांडीवर बसू द्या. केमोच्या काळात कंडोम मात्र हवा, आणि गर्भधारणा टाळायची: स्त्री रुग्णानं शेवटच्या गोळीनंतर सहा महिने, पुरुषानं तीन. रोजचा अर्धा तास असा ठेवा ज्यात गोळी, लघवी, रिपोर्ट हा विषयच निघणार नाही. आठवड्यातून एक रात्र नणंद, भाऊ, शेजारी, कुणालातरी जागायला सांगा. न झोपलेल्या माणसाच्या हातून औषधं चुकतात.

रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांतल्या एमआरआयमध्ये डाग मोठा दिसला तरी ती ट्यूमरची वाढच असेल असं नाही. उपचारानं आलेली सूज तशीच दिसते. रिपोर्ट घरी वाचून निष्कर्ष काढू नका.

कागदपत्रं जोडीदार नीट बोलतायत तोवरच करा. बँक खातं दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं करून घ्या, कारण कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की कामाचं राहत नाही. कृत्रिम श्वास, नळीतून अन्न याबद्दल त्यांना काय हवंय ते त्यांनाच विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023च्या आदेशानंतर उपचारांबद्दलचं असं इच्छापत्र (लिव्हिंग विल) दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं. एक प्रत हॉस्पिटलच्या फाइलला लावा, एक फॅमिली डॉक्टरांकडे द्या.