ब्लोगन की ब्लोपाइप? अनुवाद करताना या चुका टाळा

तोंडाने फुंकून तीर सोडायच्या नळीला इंग्रजीत दोन नावं आहेत, ब्लोगन आणि ब्लोपाइप. हत्यार एकच. अमेरिकन लेखक बहुधा ब्लोगन लिहितात, ब्रिटिश लेखक ब्लोपाइप. म्हणून अॅमेझॉनच्या शिकाऱ्यांबद्दल वाचताना पहिला शब्द जास्त भेटतो, आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटाबद्दल वाचताना दुसरा. त्यासाठी मराठीत दोन शब्द घडवत बसू नका. मी एकदा 'फुंकबंदूक' असा शब्द पाडला होता. बंदूक म्हटलं की वाचकाला चाप आणि दारू दिसते. इथे तर सगळा जोर छातीतल्या हवेचा!

'फुंकणी'चाही मोह आवरा. 'शिकाऱ्याने फुंकणी उचलली' असं वाचलं की डोळ्यांसमोर आजीची चूल येते. मी 'तीर फुंकायची नळी' असं एकदा सांगून टाकतो, पुढे नुसतं 'नळी'.

उलटी चूकही होते. ब्लोपाइप दिसला की हत्यारच, असं नाही. सोनाराची ज्योत फुंकायची नळी किंवा काच फुगवणाऱ्याची लोखंडी नळी, दोन्ही ब्लोपाइपच. आणि गॅरेजमध्ये ब्लोगन मागितलीत तर कॉम्प्रेसरला लावून धूळ उडवायची तोटी हातात पडेल.

मूळ मलय शब्दांतही अशीच जोडी आहे, सुंपित आणि सुंपितान. दोन्ही म्हणजे तीच नळी. गंमत पुढे आहे: इंडोनेशियन भाषेत सुंपित म्हणजे जेवायच्या काड्यासुद्धा. यंत्राच्या भाषांतरावर विसंबलात तर बोर्निओतला आदिवासी दायाक शिकारी चॉपस्टिक घेऊन रानडुकरामागे धावेल.

तिरांना लावायच्या विषाची गल्लतही नेहमीची. क्युरारे दक्षिण अमेरिकेचं. त्याने स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो. बोर्निओत तिराच्या टोकाला इपोह झाडाचा चीक लावतात, तो हृदयावर घाव घालतो. हेच झाड आपल्या सह्याद्रीत चांदकुडा म्हणून उभं आहे. पूर्वी त्याच्या सालीची पोती करत.

आता बातम्यांकडे. पिंजऱ्यातल्या किंवा जवळ अडकलेल्या बिबट्याला भूल देताना पशुवैद्य पुष्कळदा ब्लोपाइप वापरतात. तिच्यातून सुईची सिरिंज सुटते. बातमीत मात्र सरसकट 'बंदुकीने बेशुद्ध केलं' छापून येतं. फोटो नीट बघा. नळी डॉक्टरांच्या ओठांना टेकलेली असेल, तर 'बंदूक' खोडा.