पीसी मधेच गोठतोय? फॉरमॅट मारायच्या आधी रॅम काढून बघा

पीसी चालता चालता गोठतो, माउससुद्धा हलत नाही, नाहीतर एकदम निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होतो, आणि दुकानात नेला की पहिलं उत्तर फॉरमॅट. आमच्याकडे दोनदा विंडोज टाकून झालं तरी तेच, शेवटी दोष रॅमच्या, म्हणजे पीसीच्या तात्पुरत्या मेमरीच्या, एका पट्टीत निघाला.

१. पीसी बंद करा, प्लग काढा, मग पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो.

२. कॅबिनेट उघडून रॅमच्या स्लॉटच्या (खाचेच्या) टोकाचे क्लिप दाबून रॅम काढा. खालचे सोनेरी दात बघा, आमच्याकडे त्यावर काळपट थर होता. साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा ब्रशने झाडा, तो स्लॉटमध्ये अजिबात पडू देऊ नका.

३. दोन पट्ट्या असतील तर एकच लावा, टक्क आवाज येईपर्यंत. स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक शोधून चालवा. मग दुसरी, त्याच स्लॉटमध्ये. एकीवर एरर आली की चोर सापडला. दोन्हीवर आली तर स्लॉट बदलून परत बघा. घाई नको, कधीकधी एरर दुसऱ्या तिसऱ्या फेरीत येते, म्हणून मी रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा वेगळा प्रोग्राम) लावून ठेवतो.

रॅम चांगली निघाली आणि गेम किंवा व्हिडिओ लावल्यावरच बंद पडत असेल तर प्रोसेसरच्या पंख्यातली धूळ आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बघा, पण एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट राहतो, तो थेट बदलूनच बघायचा.