इलेक्ट्रिक गाडीचा केबिन फिल्टर: चांगला कसा निवडायचा आणि घरी कसा बसवायचा

गाडीत येणारी हवा गाळणारा मूळ केबिन फिल्टर काढला, ‘हेपा’ (अतिशय बारीक कणही अडवणारा वर्ग) लिहिलेला बसवला, की गाडीतली हवा स्वच्छ झाली असं बऱ्याच जणांना वाटतं. पण फिल्टरचा कागद कितीही भारी असला तरी चौकटीच्या कडेला फट राहिली, तर हवा तिथूनच न गाळता आत येते. उलट कागद फारच दाट असेल तर ब्लोअरला, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याला, हवा ओढताच येत नाही आणि तासाभरात गाळली जाणारी हवाच कमी होते. म्हणून निवडताना आधी कडा बघा, मग हवेचा जोर, आणि पाकिटावरचा टक्केवारीचा आकडा सगळ्यात शेवटी.

कोणता घ्यायचा

साधा फिल्टर म्हणजे कृत्रिम धाग्यांचा घड्या घातलेला कागद. धूळ आणि परागकण तो सहज अडवतो. बारीक कणांसाठी त्यातल्या धाग्यांवर बहुतेक वेळा स्थिर विद्युतभार दिलेला असतो. दमट हवा आणि धुरामुळे हा भार हळूहळू उतरतो. त्यामुळे वरून बरा दिसणारा फिल्टरही बारीक कण सोडू लागलेला असू शकतो.

कार्बन फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाचा थर असतो. पुढच्या ट्रकचा धूर, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन यांच्यासाठी तोच कामाचा, कारण कण अडवणारा कागद वायू अडवू शकत नाही, मग तो हेपा असला तरी. मात्र कार्बन मोनॉक्साइड कोळशालाही दाद देत नाही. कोळसा खरोखर किती आहे हे रंगावरून कळत नाही, वजनावरून कळतं. एकाच मापाचे दोन फिल्टर हातात धरून पाहा. राखाडी रंगाचा पण साध्याइतकाच हलका असेल, तर त्यात कोळसा नावापुरताच आहे.

आता हेपा. युरोपीय मानकानुसार ‘एच १३’ वर्गाचा फिल्टर, त्याला पकडायला सगळ्यात अवघड जातात त्या आकाराचे ९९.९५ टक्के कण अडवतो. हा अवघड आकार साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या आसपास असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून मोठे कण धाग्यांवर जाऊन आदळतात, त्याहून लहान कण इकडेतिकडे भरकटत धाग्यांना चिकटतात, मधलेच निसटतात. म्हणून ‘९९ टक्के कण अडवतो’ एवढंच छापलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. कोणत्या आकाराचे कण, ते लिहिलेलं हवं. १० मायक्रॉनचे कण साधा फिल्टरही अडवतो. ‘हेपा टाइप’, ‘हेपासारखा’ या शब्दांमागे कोणताही वर्ग नसतो.

खऱ्या एच १३ कागदाला भरपूर क्षेत्रफळ लागतं. टेस्लाने २०१५ मध्ये मॉडेल एक्समध्ये हेपा दिला, तेव्हा तो नेहमीच्या केबिन फिल्टरच्या कितीतरी पट मोठा होता. ग्लोव्हबॉक्समागच्या वहीएवढ्या खाचेत तोच कागद कोंबला तर हवेचा जोर कमी होतो. गाडीत कंपनीनेच हेपाची मोठी पेटी दिली नसेल, तर आमचा कौल जास्त घड्यांच्या, चांगल्या कागदाच्या आणि वजनदार कार्बन थराच्या एकत्रित फिल्टरला. घड्या जास्त म्हणजे क्षेत्रफळ जास्त, आणि क्षेत्रफळ जास्त म्हणजे अडथळा कमी.

विकत घेण्याआधी जुना फिल्टर काढून लांबी, रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजा. जाडीकडे हमखास दुर्लक्ष होतं. ३० मिमीच्या खाचेत २० मिमीचा फिल्टर सहज जातो आणि वरच्या १० मिमीतून सगळी हवा सुखाने वाहते. चौकटीला फोमची किंवा नमद्याची मऊ पट्टी असेल तर उत्तम.

हात घालण्याआधी

इलेक्ट्रिक गाडीत हीच पायरी पेट्रोल गाडीपेक्षा वेगळी आहे. इथे गाडी बंद दिसत असतानाही एसी आपोआप सुरू होऊ शकतो: ठरवलेल्या वेळी केबिन थंड करायला, मोबाइलवरून कुणी आज्ञा दिली म्हणून, किंवा उन्हात केबिन फार तापू नये म्हणून. तुमची बोटं खाचेत असताना ब्लोअर फिरायला नको. चार्जिंगची केबल काढा. वेळापत्रक आणि तापमान-संरक्षण मेनूतून बंद करा. घरात दुसऱ्या कुणाच्या मोबाइलमध्ये गाडीचं ॲप असेल तर त्यांनाही सांगा. मग एसी बंद करून, गाडी बंद करून काही मिनिटं थांबा. १२ व्होल्टची बॅटरी सोडवायची गरज नाही, उलट त्याने नको ते इशारे पडद्यावर येतात.

नारिंगी वायरी म्हणजे उच्च दाबाची वीज. काही मॉडेलमध्ये हवा तापवणारा हीटर थेट याच विजेवर चालतो आणि तो फिल्टरपासून थोड्याच अंतरावर, कूलिंग कॉईलच्या (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या) मागे असतो. त्यामुळे खाचेतून स्क्रू-ड्रायव्हर, तार वगैरे खोल घालायची नाही. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांनाही हात नको.

काढणं

फिल्टर बहुतेक वेळा ग्लोव्हबॉक्समागे असतो. काही गाड्यांत तो प्रवाशाच्या पायाजवळ मधल्या कन्सोलच्या बाजूला, तर काहींत बॉनेटखाली काचेच्या तळाशी असतो. नक्की जागा मालकाच्या पुस्तिकेत बघा.

ग्लोव्हबॉक्स रिकामा करा. बाजूला त्याला हळू उघडणारी छोटी दांडी किंवा दोरी असते, ती आधी सोडवा. मग दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबल्या की अडकण सुटून डबा पूर्ण खाली येतो. काही ठिकाणी टॉर्क्स टी २० चे, म्हणजे चांदणीच्या आकाराची खाच असलेले स्क्रू असतात. त्यावर साधा चपटा स्क्रू-ड्रायव्हर चालवला की डोकं झिजतं आणि पाच मिनिटांचं काम तासाचं होतं. आवरणाच्या क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने, क्लिपच्या अगदी जवळून उचला. थंडीत प्लास्टिक कडक होऊन तुटतं, तेव्हा केबिन आधी थोडी गरम करून घ्या. आवरण निघालं की झटकन ओढू नका, पायाजवळच्या दिव्याची वायर त्याला जोडलेली असू शकते.

झाकण उघडल्यावर फिल्टर काढण्यापूर्वी एक फोटो काढा. वरची बाजू कोणती, बाण कुठे, आणि दोन तुकडे असतील तर कोणता आधी निघाला, हे सगळं त्यात येतं. फिल्टर आडवाच ठेवून सावकाश ओढा. तिरका झाला की त्यावरची पानं आणि माती थेट ब्लोअरमध्ये पडतात आणि मग पंखा टकटक वाजू लागतो.

खाच मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने साफ करा, टॉर्च मारून कोपरे बघा. दाबाची हवा मारू नका, घाण आणखी आत जाते. कुबट वास येत असेल तर दोष बहुतेक वेळा कूलिंग कॉईलवरच्या बुरशीचा असतो, नवा फिल्टर तो घालवणार नाही. बाजारात कॉईल धुण्याचे फेस मिळतात, पण आत उच्च दाबाचा हीटर असलेल्या गाडीत अंदाजाने द्रव फवारणं धोक्याचं आहे. ते काम सर्व्हिस सेंटरकडे सोपवा.

बसवणं

सगळ्यात जास्त चुका बाणात होतात, कारण बाण दोन प्रकारचे असतात. एकाशेजारी ‘एअर फ्लो’ लिहिलेलं असतं, तो हवेची दिशा दाखवतो. दुसऱ्याशेजारी ‘अप’ लिहिलेलं असतं, तो फक्त वरची बाजू सांगतो. या दोन्हींची गल्लत झाली की फिल्टर उलटा बसतो. मग आधार देणारी जाळी चुकीच्या बाजूला येते, घड्या चेपतात आणि धूळ कार्बनच्या थरावर आधी बसून तो लवकर बुजतो. दिशा कळत नसेल तर जुन्या फिल्टरची मळकी बाजू बघा. हवा तिकडून येते, अर्थात तो आधी कुणी उलटा बसवला नसेल तर.

फिल्टर हलक्या दाबाने आत गेला पाहिजे. दुमडून कोंबावा लागत असेल तर माप चुकलंय. सैल बसत असेल तर कडेला ३ ते ५ मिमीची बंद छिद्रांची चिकट फोम पट्टी लावा, पण ती कागदावर येऊ देऊ नका. दोन तुकड्यांचा फिल्टर असेल तर सांधा बोटाने चाचपून बघा, तिथली फट डोळ्यांना दिसत नाही. शेवटी झाकणाच्या सगळ्या खुंट्या बसल्याचा आवाज ऐका. इलेक्ट्रिक गाडी शांत असते, त्यामुळे अर्धवट बसलेल्या झाकणाची शिट्टी पहिल्याच फेरीत ऐकू येते.

दारं उघडी ठेवून पंखा पूर्ण वेगात दोन-तीन मिनिटं चालवा. नव्या कार्बनची थोडी काळी पूड उडते, ती तेवढ्यात निघून जाते. सर्व्हिसचा इशारा मेनूतून शून्य करा आणि बंद केलेली वेळापत्रकं पुन्हा चालू करा.

खरंच फरक पडला का

हातात मावणारा पीएम २.५ मीटर (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण मोजणारा) असेल तर अंदाज लावत बसायला नको. जुना फिल्टर असतानाच एक मोजणी करून ठेवा. बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू करा, आधी गाडीबाहेर आणि मग थेट एसीच्या जाळीसमोर मोजा. बाहेर ८० आणि जाळीसमोर २० आलं, तर एका फेरीत ७५ टक्के कण अडले. हीच मोजणी नव्या फिल्टरवर पुन्हा करा. चांगल्या फिल्टरवरही आकडा हलला नाही, तर कडेला फट आहे असं समजा. धुक्यात मोजू नका, लेझरचे मीटर पाण्याच्या थेंबांनाही कण समजतात.

नंतर आतलीच हवा फिरवून बघा. फिल्टर ब्लोअरच्या वाटेवर असेल तर तीच हवा पुन्हा पुन्हा गाळली जाते आणि आकडा काही मिनिटांत खूप खाली येतो. बॉनेटखाली काचेजवळ फिल्टर असलेल्या काही गाड्यांत मात्र आतली हवा फिल्टरमधून जातच नाही. तिथे बाहेरची हवा घेत, काचा बंद ठेवून पंखा चालू ठेवणंच बरं. आतली हवा फार वेळ फिरवली तर कार्बन डायऑक्साइड साचून झोप येते आणि काचांवर वाफही धरते.

नव्या फिल्टरनंतर काचेवरची वाफ उशिरा जाऊ लागली, एसी मंद वाटला किंवा त्याच थंडाव्यासाठी पंखा दोन पायऱ्या वर न्यावा लागला, तर कागद तुमच्या ब्लोअरसाठी फार दाट आहे. तो काढा. काच साफ न होणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

कधी बदलायचा

किलोमीटर मोजून इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब लागत नाही. उभ्या गाडीत, चार्जिंगला लावून, निघण्याआधी केबिन थंड करताना ब्लोअर तासन्‌तास चालतो आणि मीटरवर एक किलोमीटरही पडत नाही. पुस्तिकेतली मुदत ही कमाल मर्यादा धरा आणि धुळीच्या भागात निम्म्यावर काढून बघा. फिल्टर धुऊ नका, झटकून परत बसवू नका, त्यावर अत्तर किंवा सॅनिटायझर फवारू नका. अल्कोहोलने धाग्यांवरचा विद्युतभार उतरतो आणि वरून धडधाकट दिसणारा फिल्टर आतून निकामी होतो. कार्बन संपल्याची खूण डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळते: पूर्वी अडत असलेला डिझेलचा वास पुन्हा आत येऊ लागला की कागद पांढरा असला तरी फिल्टर बदला.