इंजिन बंद पडल्यावर ‘कन्फर्म्ड’ म्हणण्याआधी

टाइप रेटिंगच्या, म्हणजे एका ठरावीक प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेच्या, तयारीत असलेली मुले-मुली मला हल्ली एकच प्रश्न विचारतात: सिम्युलेटरमध्ये उड्डाणाच्या क्षणी इंजिन बंद पाडतात, तेव्हा काय काय पाठ असायला हवे? व्ही-वन, व्ही-आर, व्ही-टू हे उड्डाणाच्या वेळचे ठरलेले वेग म्हणजे काय आणि व्ही-वननंतर उड्डाण का सोडायचे नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालते. पाठांतर हवेच. पण मी ज्या सत्रात नापास झाले, तिथे माझे सगळे पाठ होते.

एअरबस ए-३२० चे सत्र होते. मी उजव्या आसनावर पायलट मॉनिटरिंगच्या, म्हणजे उडवणाऱ्यावर लक्ष ठेवून त्याला साथ देण्याच्या, भूमिकेत होते. डावीकडे कॅप्टनपदाचे प्रशिक्षण घेणारे, वयाने आणि अनुभवाने माझ्याहून बरेच मोठे सहकारी विमान उडवत होते. चाके आत गेली आणि विमानाचे नाक उजवीकडे सरकू लागले. सरांनी डाव्या पायाने रडर (शेपटीवरचे सुकाणू) दाबून दिशा धरली आणि ४०० फूट ओलांडल्यावर ‘ईकॅम ॲक्शन्स’ असे सांगितले. ईकॅम म्हणजे बिघाड आणि त्यावरच्या क्रिया ओळीने दाखवणारा पडदा. मी पडद्यावरचे शीर्षक मोठ्याने वाचले, ‘इंजिन टू फेल’, म्हणजे उजवे इंजिन गेले. मग बिघडलेल्या इंजिनाचा थ्रस्ट लिव्हर (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) आयडलला, म्हणजे किमान जोरावर, आणण्याची ओळ आली. सरांचा हात लिव्हरवर गेला, त्यांनी ‘कन्फर्म?’ असे विचारले आणि मी तत्काळ ‘कन्फर्म्ड’ म्हणाले. हात एक क्रमांकाच्या, म्हणजे डाव्या इंजिनाच्या, लिव्हरवर होता. चालू असलेले एकमेव इंजिन माझ्या संमतीने आयडलला आले. इन्स्ट्रक्टरने सरांना मुद्दाम तसे करायला सांगितले होते, हे मला सिम्युलेटर थांबवल्यावर कळले. ते आठवले की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण चेकलिस्ट तोंडपाठ असलेल्यालाच तो आधी पकडतो. सरावाच्या शेकडो वेळा लिव्हर बरोबरच असतो. त्यामुळे ‘कन्फर्म?’ हा प्रश्न आहे हेच कान विसरतात आणि आरतीच्या शेवटी आपण टाळ्या वाजवतो तसे उत्तर आपोआप तोंडातून निघते. मी कानाने ऐकून उत्तर दिले होते, डोळ्यांनी पाहून नव्हे. आता मी ठरलेल्या क्रमानेच पाहते. आधी शीर्षकातला क्रमांक, मग एन-वन (इंजिनाच्या पंख्याचा वेग) आणि ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान) यांचे कोणत्या बाजूचे आकडे पडले आहेत ते, आणि शेवटी ज्या लिव्हरवर हात आहे त्याचा क्रमांक. विमान मी उडवत असेन, तर कोणता पाय रडरवर जोर देतो आहे हेही तपासते, कारण ज्या बाजूचा पाय मोकळा, त्या बाजूचे इंजिन गेलेले असते. हे सारे जुळले तरच तो शब्द उच्चारायचा. इंजिन पूर्ण बंद करणाऱ्या मास्टर स्विचच्या वेळी हे सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे. मघाशी पाहिले आहे, ही सबब चालत नाही.

८ जानेवारी १९८९ रोजी हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७-४०० चे डावे इंजिन बिघडले आणि वैमानिकांनी उजवे बंद केले. योगायोगाने त्याच सुमारास थरथर आणि धूर कमी झाला, त्यामुळे आपला निर्णय बरोबर आहे असे त्यांना वाटत राहिले. डाव्या बाजूच्या ज्वाळा मागच्या प्रवाशांना दिसल्या होत्या, पण ती गोष्ट कॉकपिटपर्यंत पोहोचली नाही. केगवर्थ गावाजवळ ४७ माणसे गेली. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत एटीआर ७२-६०० च्या दोन क्रमांकाच्या इंजिनाची शक्ती गेली, तेव्हा कॅप्टनने एक क्रमांकाचे इंजिन मागे घेतले आणि पुढे ते बंदही केले. थांबा, तपासून पाहू, अशा अर्थाचे शब्द सहवैमानिकाने उच्चारले होते. ते पुरेसे ठरले नाहीत. ५८ पैकी ४३ जण दगावले. या दोन्ही अपघातांचे अहवाल मुळातून वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तयार नोट्स मला मुळीच पसंत नाहीत, कारण त्यांत क्रिया असतात आणि क्रियांमधला थांबा गाळलेला असतो.

मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचे नाही, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते. कॉकपिटमध्ये ही सवय जीव घेऊ शकते. आदर ठेवून ‘नो सर, नंबर टू’ असे स्पष्ट म्हणता येते आणि चांगल्या कॅप्टनला त्याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याचे तास कितीही असोत, त्याला गुरू मानू नका.

एवढे ऐकून घाबरू मात्र नका. दोन इंजिनांच्या जेट विमानाने चाके आत घेतल्यावर एका इंजिनावर किमान २.४ टक्के चढ राखला पाहिजे, अशी प्रमाणपत्राचीच अट असते. म्हणजे विमान चढत असते आणि तुमच्याकडे वेळ असतो. ४०० फुटांखाली दिशा सांभाळा, चाके आत घ्या, इशाऱ्याचा आवाज बंद करा आणि बाकी कशालाही हात लावू नका. पुढे वेग वाढवून फ्लॅप आत घेणे, ‘मेडे’ हा आणीबाणीचा संदेश कळवणे, केबिन क्रूला सूचना देणे, उतरण्याची तयारी करणे, हे सगळे शांतपणे होते आणि सरावाने येतेच.

पुढच्या सत्रात सर पुन्हा शेजारी होते आणि या वेळी डावे इंजिन गेले. त्यांचा हात लिव्हरवर गेल्यावर मी शीर्षक पाहिले, आकडे पाहिले, हात पाहिला. तीन-चार सेकंद गेले असतील, मला ते फार वाटले. हात बरोबर जागी होता. मी ‘कन्फर्म्ड’ म्हणाले, आणि मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरने सिम्युलेटर थांबवला नाही.