ठाणे-नवी मुंबईत भाड्याचं घर सोडताना डिपॉझिट कसं सोडवायचं

मागच्या जूनमध्ये आम्ही कासारवडवलीचा वन बीएचके सोडून ऐरोलीला आलो आणि ७५ हजारांचं डिपॉझिट हातात पडायला साडेचार महिने लागले. पहिले पंधरा दिवस एजंट म्हणायचा ताई ओनर गावाला गेलेत, मग म्हणाला नवीन पार्टी बसली की लगेच करतो, आणि त्यानंतर फोन उचलणंच बंद. आम्हाला त्या पैशातून ऐरोलीचं डिपॉझिट भरायचं होतं, शेवटी भावाकडून उसने घेतले. म्हणून जे जे शिकले ते सगळं लिहितेय, कुणाचे तरी चार महिने वाचतील.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की एजंटचं काम त्याची दलाली मिळाली त्या दिवशी संपतं. आपल्याकडे दोन्हीकडून एकेक महिन्याचं भाडं घ्यायची पद्धत आहे, ते मिळालं की तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे. डिपॉझिट ओनरकडे असतं, एजंटकडे नाही, त्यामुळे ओनरचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या, प्रत्यक्ष भेटा आणि पैसे थेट ओनरच्या बँक खात्यात टाका. "माझ्या जीपेवर टाका, मी सरांना देतो" म्हणाला तर सरळ नाही म्हणायचं. टोकनचंही, म्हणजे घर धरून ठेवायला आधी देतो त्या पैशांचंही, तेच, टोकन देताना "घर नाही जमलं तर अमुक तारखेपर्यंत परत" एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो. घर खरंच त्याच माणसाचं आहे ना हे बघायला महावितरणचं बिल, सोसायटीचं मेंटेनन्स बिल आणि जमलं तर इंडेक्स टू (घराच्या खरेदीची नोंदणी दाखवणारा सरकारी उतारा) मागा. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर अ‍ॅग्रीमेंटवर दोघं हवेत. हेवी डिपॉझिटवर, म्हणजे मोठी रक्कम ठेवून भाडं नाहीच किंवा अगदी कमी अशा बोलीवर, घर घेणाऱ्यांनी तर हे दहा वेळा तपासा, एकच फ्लॅट चार जणांना देऊन गायब झालेले लोक आपल्याच भागात निघालेत.

आता अ‍ॅग्रीमेंट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स (आपण घर भाड्याने घेताना करतो तो करार) लेखी आणि रजिस्टर झालेलं असायलाच हवं आणि ते करायची जबाबदारी ओनरची आहे, भाडेकरूची नाही. नाही केलं तर ओनरला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि रजिस्टर कागद नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, ओनरने उलटं सिद्ध करेपर्यंत. नुसत्या नोटरीवर भागवू नका.

डिपॉझिटचा आकडा पूर्ण लिहून घ्या हे मी हात जोडून सांगते. एजंट म्हणतो अ‍ॅग्रीमेंटमध्ये २५ हजार दाखवू, बाकीचे ५० कॅश द्या, स्टॅम्प ड्युटी वाचेल. किती वाचते ते बघा. स्टॅम्प ड्युटी म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्याने धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. ५० हजार लपवले तर वर्षाचं व्याज ५ हजार आणि त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साडेबारा रुपये. साडेबारा रुपयांसाठी तुमच्या ५० हजारांचा पुरावा जातो!

आणि कागद वाचा. आमच्याकडे एजंटचा पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन रात्री साडेनऊला आला, मुलगी झोपेला आलेली, गॅसवर कुकर, दहा मिनिटांत चार अंगठे झाले आणि तो गेला. सोडताना कळलं की त्यात "पेंटिंग चार्जेस एक महिन्याचं भाडं" असं लिहिलेलं होतं. म्हणून ड्राफ्ट एक दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मागायचाच, असली ओळ काढून टाकायला लावायची आणि त्या जागी "घर ताब्यात दिल्याच्या दिवशीच डिपॉझिट परत, काही कापल्यास बिलासकट" असं घालून घ्यायचं. अंगठा लागायच्या आधी ओनर ऐकतो, नंतर कोण ऐकतंय. लॉक-इन, म्हणजे ज्याच्या आत घर सोडता येत नाही ती मुदत, किती महिन्यांचं आहे तेही तेव्हाच बघा, त्याआधी सोडलं तर बहुतेक डिपॉझिटमधूनच कापतात. रिन्यूअलला एजंट परत दलाली मागतो, पण ओनर तयार असेल तर ऑनलाइन रजिस्ट्रेशन तुम्ही दोघं मिळून करू शकता, शहरात रजिस्ट्रेशन फी १ हजार आहे.

सामान आत न्यायच्या आधी मोबाईलवर घराचा व्हिडिओ काढा, सावकाश, प्रत्येक भिंत, नळ, गिझर, ट्रॉली, खिडकीची स्लायडिंग, मीटरचं रीडिंग, आणि त्याच दिवशी ओनरला पाठवून ठेवा म्हणजे तारीख पडते. आम्ही हे केलं नव्हतं. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल होती, कपाटाच्या वर काळपट डाग, आणि ओनरने त्याचे १८ हजार कापले, म्हणे तुम्ही खिडक्या बंद ठेवल्या म्हणून आली. मी दोन वर्षांचे फोटो रात्रभर खाली-वर करत बसले आणि शेवटी शिफ्टिंगच्या दिवसाचा एक फोटो सापडला, मुलगी गुंडाळलेल्या गादीवर बसून केळं खातेय आणि मागे तीच भिंत, तोच डाग. तो पाठवल्यावर ते १८ हजार सुटले. नशिबाने सापडला. घर दोन वर्षं वापरलं की रंग थोडा उडणार, खिळ्याची भोकं राहणार, ही रोजच्या वापराची झीज आहे, त्याचे पैसे भाडेकरूने का द्यायचे? काच फुटली, ट्रॉली तुटली तर मात्र ते आपल्याकडे, त्यात वाद घालू नका, फक्त बिल मागा.

सोडताना नोटीस लेखी द्या, व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल दोन्हीवर. लाईट बिल, महानगर गॅस, सोसायटीचं काही बाकी असेल तर भरून पावत्या ओनरला पाठवा, आणि टेम्पोसाठी सोसायटीच्या ऑफिसची परवानगी दोन दिवस आधीच घ्या. शेवटच्या दिवशी ओनरला स्वतः यायला सांगा, एजंटला नको. घर एकत्र फिरून बघा, साध्या कागदावर काय ठीक, काय तुटलं, किती कापणार, किती परत आणि कधी, एवढं लिहून दोघांच्या सह्या. चावी तेव्हाच द्या जेव्हा पैसे खात्यात दिसतील.

पण चावी अडवून मुदतीनंतर तिथेच राहू नका. त्याच भाडे कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागू शकते, म्हणजे आपलीच बाजू लंगडी होते. "शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापा" हा उपाय खूप जण सांगतात, तो चांगला आहे, पण ओनरने लेखी हो म्हटलं असेल तरच.

तरीही पैसे आले नाहीत तर आधी एक शांत मेसेज, आकडा आणि तारीख घालून. मग वकिलाकडून नोटीस, १५ दिवसांची मुदत देऊन, पोचपावतीसकट. आमचे पैसे नोटीस पोचल्यावर नवव्या दिवशी आले, जो माणूस चार महिने फोन उचलत नव्हता त्याने स्वतःहून फोन केला. पोलीस चौकीत साध्या डिपॉझिटच्या भांडणाला सिव्हिल मॅटर आहे म्हणून परत पाठवतात, पण एकच घर अनेकांना दिलंय किंवा खोटा मालक उभा केलाय असं असेल तर ती फसवणूक आहे, तिथे तक्रार लावून धरा. महारेराकडे (बिल्डर आणि नव्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) जा असंही सांगतात लोक, पण भाड्याच्या डिपॉझिटचं भांडण तिथे सुटत नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. केस न टाकता आधी समेटाला बोलावतात, आणि बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हे बऱ्याच जणींना माहीतच नाही. फक्त जिल्हा नीट बघा. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा, पण खारघर, कामोठे, कळंबोली रायगडमध्ये येतात, त्यामुळे तिकडचं काम पनवेल कोर्टात. दावा लावायला साधारण ३ वर्षांची मुदत असते, तोपर्यंत जुना फोन विकू नका आणि चॅट उडवू नका. पैसे आले की ओनर "सगळा हिशोब मिटला" असं लिहून मागेल, ते पूर्ण रक्कम खात्यात दिसल्याशिवाय पाठवू नका, आमच्या ओनरने ते ४० हजार टाकूनच मागितलं होतं.